घरी ससे वाढवताना: पिंजऱ्यापासून पहिल्या वेतापर्यंत

ससे आणायच्या आधी वहीत एक हिशेब मांडा. मध्यम जातीची मादी एका वेताला चार ते सहा पिल्लं देते. गाभणकाळ ३१ दिवसांचा. पिल्लं सहा-सात आठवड्यांत आईपासून तोडता येतात. म्हणजे मादीला मध्ये विश्रांती देऊनही वर्षाला तीन वेतं सहज होतात. दोन माद्या असल्या तर वर्षात तीसेक पिल्लं, आणि त्यातल्या माद्या पाच-सहा महिन्यांत स्वतः व्यायला तयार.

मी हा हिशेब मांडला नव्हता. पहिल्या वर्षी आमच्या पडवीत एका वेळी एकोणीस ससे झाले, आणि त्यांतले अकरा कुणाला द्यायचे हे मला ठाऊक नव्हतं. रोज सकाळी घास कापायला निघताना पोटात गोळा यायचा. तेव्हापासून एक नियम मी मोडलेला नाही: जितकी पिल्लं होतील असं वाटतं, तितक्या घरांचा होकार आधी, मादी नराकडे नंतर. होकार म्हणजे ‘बघू, गोड असतात ना’ असं नव्हे. पिंजरा आणून ठेवलेला असतो, घरातलं मोठं माणूस ‘हो’ म्हणालेलं असतं, त्याला होकार म्हणायचं. ससा नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षं जगतो, हेही त्या घराला माहीत असलं पाहिजे.

आम्ही साताऱ्याजवळ राहतो. मागे पडवी, तिच्यापुढे थोडं परसू. गौरी आणि चंद्रा या दोन माद्या आणि बंड्या हा नर, एवढाच माझा पसारा आहे. हौसेसाठी एवढा पुरतो. ‘युनिट (म्हणजे ससे आणि पिंजरे एकत्र) घ्या, पिल्लं आम्ही परत विकत घेतो’ अशा योजना घेऊन कुणी दारात आलं तर त्या वाटेला जाऊ नका. ज्याचं उत्पन्न फक्त नवीन माणसांना युनिट विकण्यावर चालतं, तो तुमची पिल्लं परत घ्यायला किती दिवस टिकेल याचा विचार पैसे देण्याआधी करा.

कोणता ससा, कुठून

शेतात, माळावर दिसणारा आपला रानससा आणि पाळीव ससा हे दोन वेगळे प्राणी आहेत. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहणारा. त्याची पिल्लं उघडी आणि आंधळी जन्मतात. रानससा उघड्यावर राहतो आणि त्याची पिल्लं अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्माला येतात. ऊसतोड सुरू झाली की फडात असं एखादं पिल्लू सापडतं, आणि कुणीतरी ते पिशवीत घालून माझ्याकडे घेऊन येतं. त्या पिल्लाला आईने टाकलेलं नसतं. ती दिवसभर लांब राहते आणि अंधार पडल्यावर पाजायला येते. पिल्लू जिथे सापडलं तिथेच, जवळच्या बांधावर गवताच्या आडोशाला ठेवायचं. रानससा धरायला आणि पाळायला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, आणि पिंजऱ्यात तो जगतही नाही.

बाजारात मिळणारी पांढरीशुभ्र, लाल डोळ्यांची पिल्लं बहुतेक न्यूझीलंड व्हाइट किंवा त्याची मिश्र संतती असते. आज तळहातावर मावणारं ते पिल्लू सात-आठ महिन्यांत चार किलोंचं होतं. जागा कमी असेल तर डच जात बरी. खांद्यांभोवती पांढरा पट्टा, पुढचं तोंड पांढरं, मागचा भाग काळा किंवा करडा, आणि वजन सव्वादोन किलोंच्या आसपास. माझे तिन्ही ससे डच-मिश्र आहेत. लांब लोकरीचा अंगोरा पाहून जीव जडतो हे मला कळतं, पण तो आपल्या हवेचा नाही. आपल्या देशात केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था अंगोरा सांभाळते तो कुलू खोऱ्यातल्या गारशाला. सोव्हिएत चिंचिला आणि व्हाइट जायंट या जातींवर तिचं काम चालतं ते कोडाईकनालजवळ, मन्नवनूरला. दोन्ही जागा थंड डोंगरातल्या. साताऱ्याच्या एप्रिलमध्ये अंगोरा ठेवणं म्हणजे त्याला रजई पांघरून उन्हात बसवणं आहे.

दुकानातली ‘जोडी’ घेऊ नका. ती बहुतेक वेळा एकाच आईची भावंडं असतात, आणि कित्येकदा दोन्ही नर किंवा दोन्ही माद्याच निघतात. नर एका ठिकाणाहून आणि माद्या दुसऱ्या ठिकाणाहून घ्या, शक्यतो जिथे त्यांची आई समोर दिसते अशा पाळणाऱ्याकडून, तीन-चार महिन्यांच्या वयाच्या. घेताना ससा हातात घेऊन बघाच. कानाच्या आत तपकिरी खपल्या असतील तर ती खरूज आहे. पुढच्या पंजांच्या आतल्या बाजूचे केस चिकटलेले असतील तर तो वाहतं नाक पुसत असतो. शेपटीखाली घाण असेल तर पोट बिघडलेलं आहे. वरचे पुढचे दात खालच्यांच्या किंचित पुढे, नीट जुळलेले हवेत. सशाचे दात आयुष्यभर वाढतात. वाकडे असले तर झिजत नाहीत, आणि हा दोष पुढच्या पिढीत उतरतो.

नर-मादी ओळखायला पिल्लू मांडीवर उताणं घ्या, कंबरेखाली हाताचा आधार द्या आणि शेपटीच्या पुढचा भाग दोन बोटांनी हलकेच मागे ओढा. नराचं टोक गोल, मध्ये छिद्र असलेल्या बारीक नळीसारखं वर येतं. मादीची उभी चीर असते, शेपटीकडे जाणारी. आठ आठवड्यांच्या आत चुका होतातच. माझ्याही झाल्या आहेत. म्हणून दहाव्या-बाराव्या आठवड्यात पुन्हा एकदा बघायचं.

ससा कानाला धरून कधीही उचलू नका. एक हात छातीखाली आणि दुसरा हात मागच्या पायांखाली असला पाहिजे. मागचे पाय लोंबकळत राहिले तर तो इतक्या जोरात लाथ मारतो की स्वतःचाच कणा मोडून घेतो.

पिंजरा

वयात आलेल्या प्रत्येक सशाला वेगळा पिंजरा लागतो. दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांना फाडतात, आणि नर-मादी एकत्र ठेवले तर तारखा तुमच्या हातात राहत नाहीत. माझ्याकडे एकूण सहा पिंजरे आहेत: तीन मोठ्यांचे तीन, वाढत्या पिल्लांचे दोन, आणि एक रिकामा. रिकाम्याबद्दल शेवटी सांगते.

माप चार फूट लांब, अडीच फूट रुंद, दोन फूट उंच. वेल्डिंगवाल्याला अँगलची चौकट करायला सांगा, पाय कमरेइतके उंच. तळाला अर्धा बाय एक इंचाची वेल्डमेश जाळी, म्हणजे लेंड्या खाली पडतात. बाजूंना अर्धा इंची जाळी घ्या. मोठ्या भोकातून साप शिरतो आणि पिल्लं नेतो. कोंबड्यांची षटकोनी जाळी नको, ती कुत्रा एका रात्रीत ओढून काढतो. जाळीवर सतत बसून सशाच्या टाचा सोलवटतात, त्यामुळे आत एका कोपऱ्यात बसायला लाकडी फळी हवीच. पिंजऱ्याचा प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत ठेवा. मुंग्यांसाठी. नवीन माणसाला हे किरकोळ वाटतं, पण उघड्या अंगाच्या पिल्लांच्या खोक्यात लाल मुंग्यांची रांग शिरली तर सकाळपर्यंत काही उरत नाही.

रोज तासभर पडवीत मोकळं फिरू द्या, एका वेळी एकालाच. विजेच्या वायरी वर बांधून ठेवा.

खाली पडलेल्या लेंड्या परसातल्या भाजीला थेट घालता येतात, कुजवत बसावं लागत नाही. लघवी मात्र रोज धुवून काढायची. तिचा उग्र वास नाकाला झोंबला तर समजा, सशाच्या फुफ्फुसाला तो तुमच्याआधी झोंबलेला आहे. कधीकधी लघवी लालसर दिसते. बहुतेक वेळा ते खाल्लेल्या पाल्यामुळे असतं. ससा खात-पीत असेल तर घाबरू नका.

उन्हाळा

आपल्याकडच्या ससेपालनात सगळ्यात अवघड काय असेल तर हे. सशाला घाम येत नाही. त्याची उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः कानांतून. पंचवीस अंशांपर्यंत तो मजेत असतो, तिशीपुढे त्याला त्रास होतो, आणि पस्तिशीपुढे जिवावर बेतू शकतं. आमच्याकडे एप्रिल-मे म्हणजे अडतीस, कधी त्याहून जास्त.

पिंजरे पत्र्याखाली ठेवू नका. कौलारू पडवी, नाहीतर झाडाखाली वर गवताचं छप्पर. मार्च उजाडला की मी पश्चिमेच्या बाजूला गोणपाटं बांधते आणि दुपारी बारा ते चार दर तासाला भिजवते. प्रत्येक पिंजऱ्यात एक शहाबादी फरशीचा तुकडा ठेवलेला असतो. गौरी त्यावर पोट टेकून, मागचे पाय लांब पसरून पडते. फ्रीजरमध्ये प्लॅस्टिकच्या बाटल्या पाणी भरून गोठवायच्या, फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवायच्या, आणि दोन तासांनी बदलायच्या. ससा तिला टेकून बसतो.

तोंड उघडं टाकून श्वास, मान वर ताणलेली, कान तापून लाल झालेले, हनुवटी लाळेने ओली, यातलं काहीही दिसलं तर लगेच सावलीत घ्या, कानांना साध्या गार पाण्याचे हात लावा, पंखा लावा आणि दवाखाना गाठा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. त्या धक्क्यानेच तो जातो.

उन्हाळ्याचा आणखी एक परिणाम लगेच दिसत नाही. एका वर्षी जूनमध्ये पहिला पाऊस पडला, हवा गार झाली, आणि मी दोन्ही माद्या बंड्याकडे लावल्या. महिना गेला, काही नाही. जुलैत पुन्हा लावल्या, पुन्हा काही नाही. मला वाटलं नरच वाया गेला. सप्टेंबरअखेर मात्र त्याच बंड्यापासून दोघी गाभण राहिल्या. मेच्या उष्णतेने नराचं वीर्य दीड-दोन महिने निकामी राहू शकतं, हे मला तेव्हा कळलं. त्या काळात नर चढतो, सगळं नीट झाल्यासारखं दिसतं, पण मादी लागत नाही.

खाणं

ससा गाजरावर जगत नाही. त्याला लागतं वाळलेलं गवत, दिवस-रात्र, तोंडासमोर, हवं तेवढं. मारवेल, हराळी, जे स्वच्छ आणि फवारणी नसलेलं मिळेल ते. कोवळी ज्वारी जनावरांना बाधते तशी सशालाही बाधू शकते, तिच्या वाटेला जाऊ नका. गवताने दात झिजतात आणि आतडं हलतं राहतं. आतडं थांबलं की ससा मरतो. बारा तास सशाने तोंडाला काही लावलं नाही, लेंड्या पडल्या नाहीत, तर सकाळची वाट बघायची नाही.

गवताच्या जोडीला मूठभर हिरवा पाला: कोथिंबीर, मुळ्याचा पाला, शेवग्याचा पाला, दशरथ घास. लसूणघासात (ल्युसर्नमध्ये) प्रथिनं आणि कॅल्शियम जास्त असतं, तो पाजणाऱ्या मादीला भरपूर आणि बाकीच्यांना थोडा. पाला धुवून, पाणी झटकून, सुकवून घाला. बाजारातल्या फ्लॉवरचा पाला फुकट मिळतो म्हणून आणू नका, त्यावर फवारणी किती झाली ते आपल्याला माहीत नसतं आणि त्याने पोटही फुगतं. घाणेरी, रुई, कण्हेर, धोतरा, बटाट्याचा पाला, कांदा-लसूण हे सगळं वर्ज्य. सुबाभूळही नको. गाजराचा बोटभर तुकडा आठवड्यातून एक-दोनदा पुरे.

तयार गोळीखाद्य सव्वादोन किलोंच्या सशाला दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम. गाभणपणाच्या शेवटच्या आठवड्यापासून हळूहळू वाढवत, पाजत असताना तिला खाईल तेवढं. कुणी घरीच मका भरडा, गव्हाचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड मिसळतात. पेंडेचा वास घेऊन बघा. पावसाळ्यात तिला बुरशी धरते आणि ते विष आहे. पाणी मात्र कधीच संपता कामा नये. पाजणाऱ्या मादीला एरवीच्या दुपटीहून जास्त लागतं.

पहाटे ससा मान पोटाखाली घालून स्वतःच्या मऊ, घडासारख्या चिकटलेल्या लेंड्या थेट गुदद्वारातून खातो. त्याला लागणारं पोषण त्यात असतं, अडवू नका.

मादी नराकडे

डच मादी सहा महिन्यांची होईपर्यंत थांबा, मोठ्या जातीची सात-आठ महिन्यांची. आधी व्यायला लावलेली मादी स्वतः वाढत नाही आणि पिल्लांनाही दूध पुरत नाही. पण वर्ष उलटेपर्यंत पहिलं वेत लांबवूही नका.

गाई-म्हशीसारखा सशाच्या मादीचा माज ठरावीक दिवसांनी येत नाही. नराशी संग झाल्यावरच, साधारण दहा-बारा तासांनी, तिचं बीज सुटतं. तरी तिची तयारी बघायची असते. शेपटी उचलून बघा. चीर फिकट असेल तर थांबा, लालसर-जांभळट असेल तर आज चालेल. सकाळी, गार वेळेला, मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं. उलटं नाही. मादी आपल्या जागेबद्दल फार कडक असते, नराला तिच्या पिंजऱ्यात टाकलं तर चावून काढते. तयार असेल तर ती अंग लांब करून मागचा भाग उचलते. काही सेकंदांत काम होतं, आणि नर बारीक आवाज काढून एका अंगाला पडतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला काही झालं असं समजून मी घाबरले होते. संग झाल्याची खूण तीच आहे. पाच मिनिटांत काही घडलं नाही तर मादी परत आणा आणि दोन दिवसांनी बघा. दोघांना एकटं सोडून जाऊ नका.

दोन्ही माद्या एकाच दिवशी लावा. कारण पुढे येईल. आणि तारीख लगेच, हात धुवायच्याही आधी, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. आजपासून अठ्ठाविसावा दिवस मोजून त्यावरही गोल करा.

महिना कोणता? मी तुळशीचं लग्न झाल्यावर लावते. त्याच्या आधी नको, कारण दिवाळीचे फटाके. घाबरलेली मादी पिल्लं तुडवते, कधी खाते. तुळशीच्या लग्नापर्यंत गल्लीतले फटाके संपलेले असतात, नराचा उन्हाळ्याचा परिणाम ओसरून गेलेला असतो, आणि पिल्लं डिसेंबरच्या थंडीत येतात. थंडीवर आपल्याला इलाज करता येतो. जमलं तर दुसरं वेत जानेवारीत लावायचं, त्यापुढे नाही. पावसाळ्यात ओल्या गवताने आणि दमटपणाने लहान पिल्लांना रक्ती हगवण लागते, तेव्हाही नको. वर्षाला मादीमागे दोन वेतं, एवढंच.

चौदाव्या दिवशी पोट चाचपून गर्भ ओळखणारी जाणती माणसं आहेत. नवशिक्याने हे करू नये, बोटाच्या दाबाने इजा होते. त्यापेक्षा लावलेल्या प्रत्येक मादीला ती गाभणच आहे असं धरून वागवा. सोळाव्या-सतराव्या दिवशीच ती तोंडात गवत गोळा करून केस उपटू लागली तर तो बहुधा खोटा गाभ. तिला पुन्हा लावता येतं.

खोका आणि ती रात्र

पिल्लांच्या खोक्याला मी आंब्याची लाकडी पेटी वापरते. दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच एवढी पुरते. एका बाजूची फळी कापून सहा इंचांवर आणायची, म्हणजे मादीला आत-बाहेर करता येतं पण पिल्लं बाहेर पडत नाहीत. कापलेली कड कानशीने घासून गुळगुळीत करा, तिची आचळं त्यावरून घासतात. खिळे आत आले नाहीत ना ते हाताने चाचपून बघा. तळाला चार-पाच भोकं, लघवी झिरपायला. पेटी कडक उन्हात दोन दिवस तापवा. मग तळाला भुशाचा थर आणि वर भरपूर मऊ भाताचा पेंढा, मध्ये मुठीने खळगा करून.

अठ्ठाविसाव्या दिवशी हा खोका पिंजऱ्यात गेलाच पाहिजे. खूप आधी ठेवला तर ती त्यातच घाण करते.

पहिल्या वेताला मी दिवस मोजण्यात चुकले. तिसाव्या दिवशी संध्याकाळी खोका ठेवू असं ठरवलं, आणि त्याच पहाटे गौरी उघड्या जाळीवर व्याली. डिसेंबरची थंडी. सकाळी गेले तर सहा पिल्लं जाळीवर विखुरलेली, निळसर, हलत नव्हती. मी रडतच ती सुपात गोळा केली. सासूबाईंनी सूप माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाल्या, “थांब. गार पडलंय म्हणून मेलं असं नसतं.” त्यांनी कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळली, पिल्लं तिला लावून वर लोकरीची जुनी शाल टाकली आणि चुलीजवळ बसल्या. अर्ध्या तासाने एकाचं तोंड उघडलं. मग दुसऱ्याचं. चार गेली, दोन वाचली. त्या दोघांपैकी एक चंद्रा.

वेळेवर खोका ठेवला की मादीकडे बघत बसावंसं वाटतं. ती तोंडात पेंढ्याच्या काड्या आडव्या धरते, दोन्ही बाजूंनी मिशांसारख्या बाहेर आलेल्या, आणि खोक्यात नेऊन रचते. मग पोटावरचे, गळ्याखालचे केस उपटते आणि त्यांचा गुबगुबीत थर करते. केस उपटल्याने आचळंही मोकळी होतात. त्या दिवसांत पिंजऱ्यावर गोणपाट टाकून अंधार करा, कुत्रा-मांजर लांब, पोरांना गर्दी करू देऊ नका, पाण्याचं भांडं दोनदा तपासा. तहानलेली मादी व्याल्यावर पिल्लं खाते असं मी ऐकलं होतं. भरलेलं भांडं ठेवायला काही लागत नाही, म्हणून दोन ठेवते.

ती बहुतेक पहाटे विते, अर्ध्या तासात सगळं आटोपतं. सकाळी तिला आवडीचा पाला देऊन खोका बाहेर काढा. हात धुवा, तिच्या अंगावर फिरवा, मग केसांच्या थराखाली बोटं घाला. आत ऊब लागते आणि सगळा गोळा एकदम उसळतो. मोजा. मेलेलं पिल्लू, वार, रक्ताळलेला पेंढा काढून टाका. पिल्लांना हात लावला तर आई टाकते ही भीती पाळीव सशाच्या बाबतीत खरी नाही. रोज एकदा बघितलंच पाहिजे.

आणि इथेच नवीन माणसं सगळ्यात जास्त घाबरतात. आई पिल्लांजवळ बसतच नाही! दिवसभर ती खोक्याकडे ढुंकूनही बघत नाही. सशाची रीतच ती आहे. ती चोवीस तासांत एकदा, फार तर दोनदा, बहुधा पहाटे, तीन ते पाच मिनिटं पाजते आणि निघून जाते. तिचं दूध घट्ट असतं, तेवढं पुरतं. पाजताना दिसली नाही म्हणून तिला धरून खोक्यात कोंडू नका. सकाळी पिल्लाचं पोट बघा. टम्म गोल आणि कातडीखाली पांढरं दूध दिसत असेल तर सगळं ठीक. अंगावर सुरकुत्या आणि पोट आत गेलेलं असेल तर उपाशी आहे. दोन दिवस सगळीच उपाशी दिसली तर दूध उतरलेलं नाही.

दोन माद्या एकाच दिवशी लावायच्या त्या यासाठी. चंद्राची तीन आणि गौरीची आठ झाली तर गौरीची दोन-तीन धष्टपुष्ट पिल्लं चंद्राच्या खोक्यात टाकायची. पहिल्या तीन दिवसांत करा, चंद्राच्याच केसांत घोळवून, बाकीच्यांच्या मध्ये ठेवा. गाईच्या दुधावर ड्रॉपरने पिल्लं जगवण्याचा प्रयत्न मी केला आहे. जगली नाहीत. दुसरी आई हाच खरा उपाय.

कधी एखादं पिल्लू आचळाला लटकून खोक्याबाहेर येतं आणि जाळीवर पडतं. आई त्याला तोंडात धरून परत नेत नाही, मांजरासारखं ते तिला जमत नाही. म्हणून झोपण्याआधी आणि उठल्यावर जाळीवर नजर टाकायची.

आठवड्यात अंगावर मखमल येते, दहाव्या ते बाराव्या दिवशी डोळे उघडतात. तेराव्या दिवशीही चिकटलेले असतील तर उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस बुडवून हळूच पुसा. अठराव्या-विसाव्या दिवशी ती बाहेर उड्या मारू लागतात आणि आईच्या ताटलीत तोंड घालतात. तेव्हा खोका काढा.

आजार

ससे बघणारा पशुवैद्य कोण, हे आजाराच्या आधी शोधून ठेवा. आमच्या जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तसं तुमच्या जवळ काय आहे ते बघा. दोन गोष्टी मात्र स्वतः लक्षात ठेवा. माणसाचं अमॉक्सिसिलिन सशाला तोंडाने द्यायचं नाही, त्याने आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि मागोमाग ससा. आणि कुत्र्याच्या पिसवांवरचं फिप्रोनिलचं औषध सशाला लावायचं नाही. खरूज झाली तर डॉक्टरांकडून इंजेक्शन, पिंजरा जाळून-तापवून साफ, आणि आपले हात साबणाने, कारण काही प्रकारची खरूज माणसाला लागते. पावसाळ्यात रोज शेपटीखाली बघा. घाणीवर माशी बसली की दोन दिवसांत अळ्या पडतात.

तिसऱ्या वर्षानंतर मादीला वेत घेऊ नका. ती घरात सांभाळायची असते.

पिल्लं देताना

सहा-सात आठवड्यांनी आईला दुसऱ्या पिंजऱ्यात हलवा, पिल्लं तिथेच राहू द्या. जागा तीच, खाद्य तेच, फक्त आई नाही. एका वेळी एकच बदल, नाहीतर पोट बिघडतं. दहाव्या आठवड्यात नर आणि माद्या वेगळ्या. आठ आठवड्यांच्या आत मी कुणालाही पिल्लू देत नाही, कितीही हट्ट केला तरी. पाळीव प्राण्यांच्या विक्रीचा धंदाच करायचा असेल तर २०१८च्या पेट शॉप नियमांखाली राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. त्या नियमांत सशाचा नावानिशी उल्लेख आहे.

पिल्लासोबत मी आठवड्याचं खाद्य देते, त्याच्याच पिंजऱ्यातल्या वापरलेल्या गवताची एक मूठ देते, आणि कागदावर चार ओळी: जन्मतारीख, नर की मादी, काय खातं, काय खायचं नाही. आणि तोंडाने एक वाक्य सांगते, नाही जमलं तर कुठे सोडू नका, माझ्याकडे परत आणा.

सहावा पिंजरा त्यासाठी रिकामा असतो. गेल्या मे महिन्यात एका काकांची बदली झाली, नव्या घरात ससा चालणार नव्हता. ते दीड वर्षाचा मोती घेऊन आले, सोबत त्याची ताटली आणि मी दिलेला तोच कागद, घडीवर फाटत आलेला. मोती सहाव्या पिंजऱ्यात फरशीवर दोन महिने राहिला. जुलैत वाईच्या एका ताईंनी त्याला नेला. मी पिंजरा धुवून, उन्हात तापवून परत जागेवर ठेवला, पायांखालच्या वाट्यांत पाणी भरून.